पहिल्या धावेची जागा

दीपमालाचा खांदा आधी पोचला, स्टिक नंतर. सांगलीची सात नंबरची मुलगी मुरमावर आडवी झाली, चेंडू रेषेबाहेर घरंगळत गेला आणि पंचांची शिट्टी वाजली. चिंतामण सर शिट्टी तोंडात तशीच धरून चालत आले. त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला आणि खिशावरच थांबला.

"नाव काय तुझं?"

"दीपमाला, सर."

"ते मला माहीत आहे. सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे. तुला आठवतंय का, ते बघत होतो." त्यांनी खिशावरचा हात काढला. "आधी स्टिक, मग अंग. पुन्हा तोंडानं सांगणार नाही."

"व्हय, सर."

तिनं पडलेल्या मुलीपुढे हात केला. मुलीनं तो घेतला नाही. तिला उठवायला सांगलीची कर्णधार अबोली आली आणि जाता जाता, पंचांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "काय बुलडोझर, आज डिझेल कमी भरलंय वाटतं?"

दीपमालाच्या जबड्याची शीर हलली. मग ती वळली आणि पळत आपल्या जागेवर गेली.

बुलडोझर हे नाव मागच्या वर्षीचं. तिनं एका सामन्यात समोरच्या मुलीला उडवलं, तो क्षण कुणीतरी फोनवर टिपला आणि त्यावर ट्रॅक्टरचा आवाज बसवून टाकला. साताऱ्यातल्या हॉस्टेलवर तो व्हिडिओ आठवडाभर फिरत होता. दीपमालाही आधी हसली होती. पण त्या धडकेनंतर तिला पिवळं कार्ड मिळालं होतं, ती मैदानाबाहेर खुर्चीत बसली होती आणि तेवढ्यात तिच्या रिकाम्या जागेतून गोल झाला होता. ते व्हिडिओत नव्हतं. विद्यापीठाच्या संघात तिचं नाव त्या वर्षी आलं नाही.

यंदा तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना सांगलीच्या मैदानावर होता आणि संघ याच सामन्यावरून निवडायचा होता. निवड समितीचे राजवर्धन सर सकाळी शामियान्यात चहा घेताना सातारच्या प्रशिक्षक विजयमाला मॅडमना म्हणाले होते, "तुमची ती बचावातली पोरगी मला हवी आहे. पण ती अंगानं खेळते. आजचा सामना कार्डाशिवाय काढला आणि कॉर्नरला तिचा तो रश बघायला मिळाला, की नाव घालतो. ताकदवान पोरी मिळतात हो. ऐकणारी मिळत नाही. ऐकते का ती?"

"ऐकते," मॅडम म्हणाल्या होत्या.

मग मॅडमनी दीपमालाला बाजूला घेऊन हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. लपवून ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. दीपमालानं ऐकून घेतलं, बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि विचारलं, "मॅडम, घालतो म्हणजे घालणारच न्हवं?"

"शब्दाचा माणूस आहे."

तिला एवढं पुरेसं होतं. विद्यापीठाकडून खेळली तर पुढे खेळाडू म्हणून भरतीला उभं राहता येणार होतं. तिचे वडील लालासाहेब मुंबईत माथाडी होते. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा काही झालं तर ठीक, नाहीतर परीक्षा झाल्यावर स्टिक माळ्यावर टाकायची.

*

पेनल्टी कॉर्नरला बचाव करणाऱ्या पाच जणी गोलरेषेच्या मागे उभ्या राहतात. गोलाच्या बाजूनं त्याच रेषेवरून चेंडू ढकलला जातो, गोलासमोरच्या सर्कलच्या टोकावर अडवला जातो आणि फ्लिक मारणारी तो उचलून गोलात फेकते. चेंडू ढकलला गेला की रेषेमागून पहिली जी सुटते ती थेट त्या फ्लिक मारणारीवर धावून जाते. तिला रशर म्हणतात. तोंडाला मास्क, गुडघ्यांना पॅड आणि समोरून अंगावर येणारा चेंडू. या जागेसाठी संघात सहसा भांडणं होत नाहीत.

दीपमालानं ती पहिल्या वर्षी स्वतःहून मागितली होती. दहिवडीच्या पुढच्या एका गावातून ती आली होती. घरी तिची आई हरणाबाई शेळ्या सांभाळायची. संध्याकाळी कोंडलेली करडं आपापल्या शेळीकडे सुटण्यासाठी दारावर तुटून पडतात, तेव्हा दार धरायचं काम लहानपणापासून दीपमालाचं. हात पसरून उपयोग नसतो, करडू हाताखालून निसटतं. गुडघे जुळवायचे आणि मांडी पुढं करायची. तिच्यावर पहिल्यांदा कुणी चेंडू मारला तेव्हा तिनं तेच केलं. चेंडू मांडीवर बसला आणि खाली पडला. बाकीच्या मुलींनी तोंडावर हात घेतले. दीपमाला हलली नाही.

मॅडमनी शिट्टी वाजवली.

"मॅडम, अडवला की!"

"अडवला नाहीस. खाल्लास."

मग त्यांनी तिला नियम सांगितला. स्टिकनं चेंडू खेळायचा प्रयत्न न करता नुसतं अंग घेऊन चेंडूसमोर गेलेली रशर बचाव करत नसते. तो फाउल असतो. पुन्हा कॉर्नर मिळतो, वर कार्डही मिळू शकतं. दीपमालाला हे पटायला वेळ लागला. आपण मार खायचा आणि शिक्षाही आपल्यालाच, हा तिला सरळसरळ अन्याय वाटला.

मॅडमनी वाद घातला नाही. मैदान आखायची फक्की त्यांनी रशरच्या वाटेवर पट्टा काढून पसरली. गोलरेषेपासून फ्लिकच्या जागेपर्यंत पांढरा पट्टा. धावताना स्टिक जमिनीला टेकलेली राहिली तर फक्कीत एक सलग रेघ उमटायची. उचलली गेली तर रेघ तुटायची. दीपमाला धावून आली की मॅडम तिच्याकडे बघायच्याच नाहीत, पट्ट्याकडे बघायच्या.

"तुटली. परत."

पहिला सगळा पावसाळा रेघ तुटत राहिली. मांडी निळी व्हायची आणि स्टिकचं टोक कोरडं राहायचं. मुली मेसला निघून जायच्या, अजिंक्यताऱ्यावरचं ऊन उतरायचं आणि मैदानावर दोघीच उरायच्या. एक फक्की पसरायची, दुसरी विस्कटायची. "परत" या शब्दाखेरीज मॅडम काही बोलायच्या नाहीत, आणि दीपमालानंही "बास" म्हटलं नाही. दिवाळीनंतर कधीतरी रेघ एकदा टोकापर्यंत गेली. मॅडम खाली वाकल्या, ती बोटानं तपासली आणि म्हणाल्या, "आता हीच रोज काढायची."

तिनं ती काढली. दुसऱ्या वर्षी वाईहून ओवी आली. सडपातळ, चपळ, पण समोरची चेंडू मारायच्या क्षणी डोळे मिटायची. मॅडमनी तिला दीपमालाच्या हवाली केलं. दीपमाला तिला टेनिसच्या चेंडूसमोर उभी करायची.

"ओवे, डोळं मिटलंस म्हणून बॉल थांबत न्हाई. तुलाच दिसत न्हाई, एवढंच."

"दीपाताई, तू मारतेस किती जोरात!"

"हळू मारायला मी काय तुझी मावशी हाय?"

ओवी चिडायची, रडायची आणि दुसऱ्या दिवशी दीपमालाच्या आधी मैदानावर हजर असायची.

*

दुसऱ्या क्वार्टरमध्ये साताऱ्यानं गोल केला. सांगलीच्या प्रेक्षकांतला आवाज थोडा उतरला. ऑक्टोबरचं ऊन मुरमावरून वर येत होतं.

त्यानंतर सांगलीनं सगळा खेळ दीपमालाच्या बाजूनं वळवला. हिला एक कार्ड मिळालं की बचावात दार उघडतं, हे त्यांनाही माहीत होतं. चेंडू नसतानाही तिच्या कमरेला कोपर लागायचं, पायावर पाय पडायचा. एकदा अबोली फ्री हिटसाठी थांबली असताना म्हणाली, "अगं, लाजतेस काय? मार की धडक. पब्लिक वाट बघतंय."

"डिझेल हाय," दीपमाला म्हणाली, "पण तुझ्यावर उडवायचं न्हाई."

अबोलीला हसू आलं आणि तिला ते लपवावं लागलं.

फ्री हिट घेऊन अबोली चेंडूसह थेट तिच्यावर आली. अबोली विद्यापीठातली सगळ्यात चांगली फ्लिकर होती, आणि चेंडू स्टिकवर घेऊन पळतानाही तिला अडवणं सोपं नव्हतं. दीपमाला पुढे झाली नाही. स्टिक खाली ठेवून, कमरेत वाकून ती एकेक पाऊल मागे सरकत राहिली. अबोलीनं डावीकडे हुलकावणी दिली, ती हलली नाही. उजवीकडे दिली, तरी हलली नाही. दोघींच्या मध्ये हातभर जागा होती आणि दीपमालानं ती तशीच राखली. अबोलीचा चेंडू स्टिकपासून वीतभर पुढे गेला, त्या क्षणी दीपमालाची स्टिक आत गेली आणि चेंडू घेऊन बाहेर आली. अंगाला अंग लागलं नाही. शामियान्यात राजवर्धन सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते घडलं. चेंडू रेषेजवळ अडकला होता, चार स्टिक एकात एक गुंतल्या होत्या. सात नंबरच्या मुलीनं स्टिक वर उचलली आणि ती खाली आली ती दीपमालाच्या डाव्या हातावर. मुद्दाम की चुकून, ते सांगता येणार नाही. चिंतामण सरांच्या आणि त्या हाताच्या मध्ये दुसऱ्या दोन मुली होत्या. शिट्टी वाजली नाही.

दीपमाला ताठ उभी राहिली. सात नंबरची मुलगी दोन पावलं मागे सरली. दीपमालानं त्या मुलीकडे पाहिलं, मग चिंतामण सरांकडे. हातातून पडलेली स्टिक तिनं उजव्या हातानं उचलली आणि पळत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

मॅडमनी रोखलेला श्वास सोडला. "शाब्बास," त्या पुटपुटल्या. त्यांना तिचा राग आवरलेला दिसला होता. हात दिसला नव्हता.

ब्रेकमध्ये दीपमाला मुलींच्या मागे टेकून बसली. डावा हात टॉवेलखाली होता. बाटलीचं झाकण तिनं दातांनी उघडलं. शेजारच्या ओवीनं ते पाहिलं.

"हात दाखव."

"गप."

ओवीनं टॉवेल उचलला. ग्लोव्हच्या आत करंगळीच्या खालची बाजू फुगून वर आली होती.

"दीपाताई, मोडलंय हे."

"मुका मार हाय. आन् मॅडमला सांगितलंस तर बघ."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"सांगितलं तर बाहेर काढतील. येवढा एकच क्वार्टर हाय, ओवे."

समोर मॅडम शेवटच्या क्वार्टरचं सांगत होत्या. चेंडू बाहेर ठेवा, घाई करू नका, आणि दीपा, अशीच डोकं थंड ठेवून खेळ. दीपमालानं मान हलवली.

हॉकीत स्टिक खरी धरलेली असते डाव्या हातात. ती फिरवायची, टेकवायची, घट्ट ठेवायची ती याच मुठीनं. उजवा हात आधाराला असतो. शेवटचा क्वार्टर दीपमाला जवळजवळ एकट्या उजव्या हातावर खेळली. चेंडू आला की लांब न मारता शेजारणीला द्यायची, समोरची आली की वाटेत उभी राहून तिला रेषेकडे ढकलत न्यायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, पोरगी सावध खेळते आहे.

सामना संपत आला असताना चेंडू सातारच्या एका मुलीच्या पायाला लागला. पेनल्टी कॉर्नर. पाठोपाठ वेळ संपल्याचा भोंगा झाला. पण मिळालेला कॉर्नर वेळ संपली तरी खेळावा लागतो. हा शेवटचा चेंडू होता. गोल झाला तर बरोबरी, नाहीतर सातारा विजेता. आणि कॉर्नर संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही.

पाच जणी गोलरेषेच्या मागे आल्या. गोलकीपर क्षमानं पॅडवर पॅड आपटले.

"दीपा, मी डावीकडचं बघते. मधलं तुझं."

दीपमालानं मास्क उचलला. सर्कलच्या टोकाशी अबोली उभी होती, शर्टाला हात पुसत. प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरत होते. शामियान्यात राजवर्धन सर खुर्चीतून उठून दोरीपर्यंत आले होते.

दीपमाला खाली वाकली. डावी मूठ स्टिकवर आवळून तिनं स्टिक जमिनीला लावली आणि तिला बुटाच्या टोकानं हलकेच धक्का दिला. स्टिक मुठीत फिरली. ओठ आत घेऊन तिनं पुन्हा मूठ आवळली, पुन्हा धक्का दिला. स्टिक पुन्हा फिरली. ती तशीच वाकलेली राहिली, तेव्हा तिची नजर स्वतःच्या पायांवर गेली. दोन्ही गुडघे एकमेकांजवळ आले होते.

ती सरळ झाली आणि तिनं मास्क ओवीच्या हातात दिला.

"घाल. तू पळायचंस."

"मी?"

"मी खांबाला थांबते. तिथं एक हात पुरतो."

"आता हे काय नवीन?" क्षमा मागे वळून म्हणाली.

बाकावरून मॅडमचा आवाज आला. "दीपा! तू जा! ओवी खांबाला!" त्या रेषेपर्यंत आल्या होत्या आणि हातानं खूण करत होत्या, तू, तू. "दीपा!"

दीपमालानं मॅडमकडे पाहिलं. इतक्या लांबूनही दोघींची नजर मिळाली. मग तिनं नकारार्थी मान हलवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"मॅडम ओरडताहेत," ओवी म्हणाली. ती मास्कचा पट्टा लावत होती.

"मला ऐकू आलंय. तू मॅडमकडं बघू नगं, माझ्याकडं बघू नगं. अबोलीच्या स्टिकपाशी बॉल असंल, तेवढाच बघ. आन् टेकवून जा."

शिट्टी झाली. रेषेवरून चेंडू ढकलला गेला, टोकावर अडला. ओवी सुटली होती. बुटका, वाकलेला तिचा आकार मुरमावरून सरळ जात होता आणि स्टिक मुरूम खरवडत होती. तो आवाज क्षमालाही ऐकू आला. अबोलीनं चेंडू स्टिकवर घेतला, कमरेतून वळली आणि फेकला. ओवीच्या स्टिकचा काठ चेंडूला लागला. फार नाही, नखभर. चेंडूची दिशा वाकली, तो दीपमालाच्या खांबाबाहेरून सूं करत गेला आणि मागच्या फळीवर न आदळता थेट मैदानाच्या जाळीपलीकडे कडुनिंबाच्या खोडावर बसला.

चिंतामण सरांनी दोन्ही हात वर करून लांब शिट्टी वाजवली.

सातारच्या मुली ओवीवर तुटून पडल्या. ती मास्कच्या आतून ओरडत होती, "अरे, श्वास घेऊ द्या!" दीपमाला खांबाला पाठ लावून उभी राहिली. उजव्या हातानं तिनं स्टिक गोलाला टेकवून ठेवली.

हात मिळवायला अबोली तिच्यापर्यंत आली.

"तू का नाही पळालीस? मी तुझ्यासाठी मारलेला होता तो, मांडीच्या उंचीवर." तिनं हसायचा प्रयत्न केला. "मला वाटलं, बुलडोझर भ्याला."

"भ्यालाच की."

"आं?"

"बॉलला न्हाई. माझी स्टिक टेकली नसती. मी नुसतं अंग घिऊन आले असते."

अबोलीची नजर खाली गेली. मग तिनं न विचारता दीपमालाचं डावं मनगट धरलं आणि ग्लोव्हचा पट्टा हळूहळू सोडवला. तिनं हात पाहिला. नंतर मागे वळून सात नंबरच्या मुलीला काहीतरी म्हणाली, तशी ती मुलगी बर्फ आणायला धावत सुटली.

विजयमाला मॅडम तरातरा येत होत्या. त्यांनी वाक्य वाटेतच तयार केलं होतं.

"माझा आवाज येत नव्हता तुला?"

"आला, मॅडम."

"मग?"

अबोलीनं तिचा हात वर उचलून दाखवला. मॅडम थांबल्या.

"कधी झालं हे?"

"तिसऱ्या क्वार्टरला."

"आणि ब्रेकला माझ्यासमोर बसून पाणी प्यालीस?"

"तवाच सांगायला पायजे हुतं. चुकलं, मॅडम."

"ते चुकलं," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या गोष्टीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली ओढणी काढली, तिची झोळी केली आणि दीपमालाचा हात तिच्यात ठेवला.

*

हाडांचा दवाखाना मिरजेच्या रस्त्याला होता. बक्षीस समारंभ बाकीच्या मुलींवर सोपवून दोघी रिक्षानं आल्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि मॅडमना करंगळीच्या खाली तळहाताच्या हाडातली रेषा दाखवली. तिथं हाड सरळ चिरलं होतं.

"यानंतर खेळलीस तू?" त्यांनी दीपमालाला विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणे." डॉक्टर मॅडमकडे बघून हसले. "तुमच्या साताऱ्याकडं थोडं म्हणजे किती असतं?"

मॅडम हसल्या नाहीत. कंपाउंडर प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायला लागला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. राजवर्धन सरांचं नाव बघून त्या खिडकीपाशी गेल्या. पण खोली लहान होती.

"हो सर, बोला. दवाखान्यात आहे... हाड मोडलंय तळहाताचं... नाही, मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलंच नाही."

पलीकडचा आवाज नुसता घुमल्यासारखा येत होता. दीपमालाला शब्द कळत नव्हते. तिनं टेबलाची कड उजव्या हातानं धरली.

"ओवीला पुढं कुणी केलं?" मॅडमनी पलीकडून आलेला प्रश्न पुन्हा उच्चारला आणि त्या थांबल्या.

दीपमाला त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. 'मीच केलं' एवढं मॅडम म्हणाल्या असत्या तर सगळं जागेवर बसलं असतं. सकाळी दिलेला शब्दही राहिला असता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला मॅडमचे हातवारे तेवढे दिसले असणार, त्या काय ओरडत होत्या ते ऐकू गेलेलं नसणार.

"मी नाही, सर. मी तिलाच जा म्हणत होते. हात करत होते ते त्यासाठीच." मॅडमनी खिडकीच्या गजावर बोट ठेवलं. "हो. ऐकलं नाही तिनं. सकाळी मी ऐकते म्हणाले होते, ते आता तसंच्या तसं म्हणता येणार नाही मला."

कंपाउंडरनं पहिला ओला पट्टा तळहातावर ठेवला. दीपमालानं तिकडे पाहिलं नाही.

मॅडम ऐकत होत्या. बराच वेळ ऐकत होत्या. मधे एकदा "नाही, हात नीट असता तर तीच गेली असती" म्हणाल्या, एकदा "ते तिला विचारा, मी कशाला सांगू" म्हणाल्या. मग त्यांनी नुसतं "हं" केलं. पुन्हा "हं" केलं. फोनवर तळवा ठेवून त्या वळल्या.

"डॉक्टर, हिची मूठ पुन्हा कधी वळेल? स्टिक धरण्याइतकी?"

डॉक्टरांनी प्लास्टरवरून नजर न उचलता विचारलं, "का? घाई कुणाला आहे, हिला?"

"हिला नाही," मॅडम म्हणाल्या. "फोनवर आहेत, त्यांना."